सुबाभळीच्या मुळाशी

पहाटे साडेपाच

जीपमध्ये सामान भरताना मी आधी पोती मोजते, मग कुऱ्हाडी. नवख्या माणसाला हे उलटं वाटतं. झाडं काढायला निघालोय, तर कुऱ्हाडीला धार आहे का ते आधी बघावं. पण सुबाभळीच्या कामात पोती विसरली तर कुऱ्हाडही घरी ठेवलेली बरी. वाळलेल्या शेंगांनी लगडलेलं झाड आडवं झालं की शेंगा तडकतात, बी चौफेर उडतं आणि आपण आपल्याच हातानं पेरणी करून घरी येतो.

दिवाळी होऊन आठवडा झालाय. हे दिवस मुद्दाम निवडलेत. शेंगा बऱ्याचशा हिरव्या आहेत, काहींवर तपकिरी रंग चढायला लागलाय. पाऊस उघडलाय, पण वीतभर खाली ओल टिकून आहे, त्यामुळे पहार आत जाते आणि रोप मुळासकट वर येतं. अजून महिनाभर थांबलो तर हाच माळ टिकावाला ठिणग्या काढायला लावतो.

दोन पहारी, टिकाव, कुदळी, कोयते, खुरपी, करवत, एक मीटर लांब-रुंद लोखंडी चौकट, वही. सगळ्यांत वर ग्रामपंचायतीच्या ठरावाची झेरॉक्स. रस्त्यानं जाणारा कुणी ना कुणी थांबून ‘झाडं का तोडताय?’ असं विचारतोच. आणि विचारायलाच हवं.

सात

सासवड मागे टाकून पूर्वेला निघालं की पाऊस कोसाकोसानं कमी होत जातो. सुप्याच्या अंगाला पोचेपर्यंत तो वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर उरतो. इथली जमीन उथळ, खाली मुरूम, त्याखाली काळा कातळ. अशा जमिनीवर दाट जंगल होत नाही. गवत होतं, आणि गवतात सुटीसुटी हिवर, बोर, खैर, एखादी मेडशिंगी. याला आपण माळ म्हणतो आणि सरकारी नकाशे बऱ्याचदा पडीक जमीन म्हणतात.

गायरानाच्या एका अंगाला अजून तो माळ शाबूत आहे. कुसळी पिकून तांबूस झाली आहे, मध्ये पवन्याचे पट्टे, आणि त्यावरून डोंबारी चंडोल सरळ वर चढून पुन्हा खाली झेपावतोय. दुसऱ्या अंगाला सुबाभूळ. समतल चरांच्या कडेनं कधीकाळी कुठल्याशा योजनेत ओळीनं लावलेली. ओळी अजून ओळखू येतात, पण मधल्या मोकळ्या पट्ट्यांत आता पोरं, नातवंडं, पणतवंडं उभी आहेत. ओढ्याच्या उताराला तर ती पार खालच्या विहिरीपर्यंत उतरली आहेत. सुबाभळीचं बी वाऱ्यावर दूर जात नाही, बहुतेक आईच्या पायाशीच पडतं. पुढचा प्रवास पाण्याबरोबर, मुरमाच्या ट्रॉलीबरोबर आणि थोडाफार गुरांच्या शेणातून.

म्हणून आमचं काम वरून खाली जातं. चढाच्या माथ्यावरची झाडं आधी, ओढ्याकाठची नंतर. ओढ्याकाठच्या झाडांची गर्दी डोळ्यांत भरते, फोटोही तिथले चांगले येतात, आणि कुणी पाहुणा आला की तो नेमका तिथूनच सुरुवात करा म्हणतो. वरून बी येत राहणार असेल तर खाली घाम गाळून उपयोग काय?

साडेसात

आक्कांची टोळी आली. गावातल्या सात-आठ बाया, दोन तरुण पोरं आणि एक कृषी पदवीचा विद्यार्थी. आक्का साठीच्या आहेत आणि या माळावर त्यांचा शब्द माझ्यापेक्षा जास्त चालतो.

बाया रोपांच्या मागे लागतात. गुडघ्याएवढं रोप दोन्ही हातांनी बुंध्याशी धरायचं, थोडं हलवायचं आणि सरळ वर ओढायचं. तिरकं ओढलं तर सोटमूळ मध्ये तुटतं, आणि मानेचा भाग जमिनीत राहिला तर आठ-पंधरा दिवसांत त्याच जागी दोन-तीन कोंब. नुसत्या खुरप्यानं वरून खुरपलं तर काम झटपट झाल्यासारखं दिसतं. आक्का असं खुरपणाऱ्या पोरीला लगेच हटकतात, ‘‘अगं, छाटणी करायला आलीस का काय? मुळी दाव मला मुळी.’’

विद्यार्थ्याला मी एक रोप हातात घेऊन दाखवलं. वर लाजाळूसारखी दुहेरी पिसांची पानं, खाली रोपाच्या उंचीपेक्षा लांब सोटमूळ, आणि बाजूच्या बारीक मुळ्यांना मोहरीएवढ्या गाठी. एक गाठ नखानं चिरली. आत फिकट गुलाबी. हा रंग दिसला की समजायचं, आतले जिवाणू कामावर आहेत. हवेतला नत्र धरून ते झाडाला देतात, बदल्यात झाड त्यांना साखर देतं. गुलाबी रंग ज्या प्रथिनाचा, ते आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्याच कुळातलं. गाठीत प्राणवायू मोजूनमापून ठेवणं हे त्याचं काम, कारण जास्त प्राणवायूत नत्र धरणारं विकर बिघडतं.

शेतात ही गाठ म्हणजे फुकटचं खत. माळावर तीच अडचण होते. कुसळी, पवन्या ही गरिबीत वाढलेली गवतं आहेत. जमिनीत नत्र कमी, ओल कमी, अशा ठिकाणी त्यांना कुणी गाठत नाही. सुबाभूळ पानगळीतून वर्षानुवर्षं नत्र ओतत राहिली की जमीन श्रीमंत होते आणि त्या श्रीमंतीवर गाजरगवत, टाकळा, रानतुळस असले खादाड पाहुणे येऊन बसतात. झाड काढलं तरी नत्र तिथंच राहतो. मागच्या हंगामात मोकळ्या केलेल्या तुकड्यात पहिल्या पावसानंतर गाजरगवत कमरेएवढं झालं होतं. तेव्हापासून झाड काढलेल्या जागी त्याच वर्षी पवन्या आणि मारवेलचं बी टाकायचं, जागा रिकामी ठेवायची नाही, असं ठरलंय.

नऊ

चहा. आक्कांची किटली, गुळाचा चहा.

बसल्या जागी विद्यार्थ्यानं एक कोवळा शेंडा वाकवला तर त्यावर बारीक पिवळट-हिरव्या किडी टुणटुण उडाल्या. बोटांना चिकट लागलं. ही सुबाभळीवरची सायलिड, मूळची अमेरिकेच्या उष्ण भागातली, म्हणजे सुबाभळीच्याच माहेरची. झाड शतकांपूर्वी निघालं, कीड मागे राहिली होती. 1984 मध्ये ती हवाईत पोचली, तिथून पॅसिफिकमधून उड्या मारत 1988 मध्ये भारतात. तेव्हा फार घबराट झाली होती, कारण सुबाभूळ हे त्या दशकाचं लाडकं झाड होतं. किडीला खाणारा ढालकिडा बाहेरून आणून सोडला गेला. एका परक्या झाडाला वाचवण्यासाठी परक्या किडीवर परका किडा!

आम्हाला या किडीचा उपयोग होतो का? फारसा नाही. ती शेंडा आखडवते, वाढ मंदावते, झाड मारत नाही. दक्षिण आफ्रिकेनं 1999 मध्ये सुबाभळीचं बी पोखरणारा भुंगेरा मुद्दाम सोडला. तिथंही त्यामुळे झाडं नाहीशी झाली नाहीत, बियांना थोडा चाप बसला इतकंच. झाडावर बी इतकं येतं की भुंगेऱ्याचा वाटा देऊनही पुरून उरतं.

‘‘आमच्या लग्नाच्या टायमाला ही झाडं लावली,’’ आक्का सांगतात, ‘‘साहेब लोक सांगायचे, चारा, सरपण, खत, समदं एकाच झाडात.’’

खोटं सांगत नव्हते. 1977 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीनं या झाडावर एक अहवाल काढला आणि उष्ण कटिबंधातल्या गरीब देशांसाठी ते जवळपास वरदान ठरवलं. हवाई विद्यापीठातले जेम्स ब्र्यूबेकर यांनी उंच, सरळसोट वाढणारे वाण निवडले होते. के-8 हा त्यांतला प्रसिद्ध. आपल्याकडे ते वाण आणून शेतकऱ्यांपर्यंत पोचवले उरुळीकांचनच्या मणिभाई देसाईंनी आणि त्यांच्या बाएफ या संस्थेनं. आधी आलेल्या झुडपी जातीला कुबाभूळ म्हणत, ही सुबाभूळ. दुष्काळानं पोळलेल्या महाराष्ट्रात शेळीला बारमाही हिरवा पाला मिळणं ही केवढी गोष्ट होती, ते 1972 पाहिलेल्या माणसालाच विचारावं. मणिभाईंना कुणी या माळावरच्या झाडांचा जाब विचारला तर मी त्यांच्या बाजूनं उभी राहीन. त्यांनी ते बांधावर आणि शेतात, कापून खाऊ घालायला दिलं होतं. गायरानात ओळीनं लावून, फोटो काढून विसरून जाण्याचा कार्यक्रम नंतरच्यांचा.

जगाच्या शंभर सर्वांत उपद्रवी परक्या प्रजातींच्या यादीत आज सुबाभूळ आहे, घाणेरीच्या पंगतीत. दोन्ही गोष्टी एकाच झाडाबद्दल खऱ्या आहेत. कापत राहणारा मालक असेल तोवर ते चाऱ्याचं झाड असतं. मालक गेला की तण.

दहा

आता मोठी झाडं. मांडीएवढ्या बुंध्याचं एक निवडलं. आधी पोरं वर चढून शेंगांच्या फांद्या कोयत्यानं उतरवतात, बाया खाली धरलेल्या पोत्यांत भरतात. मग करवत. पाच-सात मिनिटांत झाड आडवं.

आणि इथं बहुतेकांची मोहीम संपते, टाळ्या वाजतात. खरं काम आता सुरू होतं, कारण बुंधा जिवंत आहे. गेल्या वर्षी कुणीतरी सरपणासाठी तोडलेलं झाड शेजारीच उभं आहे. एका खोडाच्या जागी आता मनगटाएवढी अकरा खोडं. मी विद्यार्थ्याला मोजायला लावली आणि प्रत्येकावर शेंगा आहेत का तेही बघायला सांगितलं. होत्या. सुबाभळीला बी धरायला दुसऱ्या झाडाचा परागही लागत नाही. एकटं झाड स्वतःच्याच फुलांवर फळतं. लागवडीनंतर वर्षा-दोन वर्षांत शेंगा, आणि पाणी मिळालं तर वर्षातून अनेकदा. म्हणजे नुसतं तोडणं हे तिच्या दृष्टीनं छाटणीच.

साल सोलून झाड वाळवायचा प्रयोगही लोक करतात. सालीचा पट्टा काढला की वरचं वाळतं, पट्ट्याखालून फुटवे येतात. परत तेच.

मग उरतात दोन रस्ते. एक औषधाचा. ऑस्ट्रेलियात ट्रायक्लोपायर डिझेलमध्ये मिसळून बुंध्याच्या सालीला लावतात. किंवा झाड कापल्याबरोबर, चीक सुकायच्या आत, कापलेल्या तोंडाला तणनाशक फासतात. यात मिनिटांना किंमत आहे. जखम कोरडी झाली की औषध मुळापर्यंत उतरत नाही. आपल्याकडे सर्वांच्या ओळखीचं तणनाशक म्हणजे ग्लायफोसेट. ते वनस्पतीतलं एक विकर अडवतं आणि त्यामुळे फेनिलॲलनिन, टायरोसिन, ट्रिप्टोफॅन ही तीन अमिनो आम्लं तयार होणं बंद पडतं. प्रथिनं बनवायला विटाच नाहीत, मग झाड उपाशी मरतं. प्राण्यांत हा रासायनिक मार्गच नसतो, म्हणून ते निर्धोक असं म्हणतात. त्या ‘म्हणून’वर जगभर कोर्टकज्जे चालू आहेत. ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्र सरकारनं ग्लायफोसेटचा वापर परवानाधारक कीड-नियंत्रण चालकांपुरता मर्यादित केला. त्यामुळे दुकानातून कॅन आणून बायांच्या हाती ब्रश देणं हे नियमातही बसत नाही.

मी औषधाच्या विरोधात नाही. रेल्वेच्या कडेला, कुंपणातल्या जागी, जाणत्या माणसाच्या हातून, तोंडापुरतं फासून ते वापरायला हरकत नसावी. पण या ओढ्याच्या तोंडाशी गावाची विहीर आहे आणि संध्याकाळी इथं शेळ्या चरतात. इथं नको.

दुसरा रस्ता पहारीचा. बुंध्याभोवती हातभर खड्डा, बाजूच्या मुळ्या कुऱ्हाडीनं तोडायच्या, आणि सोटमूळ मानेच्या खाली वीतभर कापून बुंधा उचकटून काढायचा. फुटव्याचे डोळे मानेशी असतात. मान गेली की खालचं मूळ कुजून जातं. एका बुंध्याला दोन माणसांचा अर्धा तास, मुरूम लागला तर जास्त. दिवसाला झाडं कमी होतात, अहवालात आकडा लहान दिसतो. लहान दिसू दे.

साडेबारा

भाकरी, पिठलं, हिरव्या मिरचीचा ठेचा. हिवराच्या सावलीला बसलो. सुबाभळीची सावली याहून दाट असते, पण आज तिच्याखाली बसलं की अंगावर सायलिड पडते.

मेंढरं घेऊन मामा आले. ओळखीचे धनगर, पावसाळ्यानंतर दरवर्षी या वाटेनं खाली उतरतात. आडव्या झाडाकडे मेंढरं धावली तशी त्यांनी काठी आडवी घातली.

‘‘थोडं खाऊ द्यावं, लई न्हाय,’’ मामा म्हणाले. ‘‘लई खाल्लं की लोकर हातात येती. शेरडाला काय व्हत न्हाय. पर घोड्याला तर ह्याच्या जवळ बी जाऊ देऊ नये. आमच्या थोरल्याच्या घोड्याची आयाळ गेली, शेपटीला दोन केस राह्यले.’’

हे ज्ञान मामांना कुणी शिकवलं नाही आणि त्यातला शब्दन् शब्द बरोबर आहे. सुबाभळीच्या पानांत, शेंड्यांत आणि बियांत मिमोसिन नावाचं अमिनो आम्ल असतं. ते प्रथिनांत वापरलं जाणारं नव्हे. दिसायला मात्र टायरोसिनसारखं. कोवळ्या शेंड्यांत सर्वांत जास्त, सुक्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या वरही जातं. मिमोसिन लोखंड, जस्त, तांबं यांसारखे धातू घट्ट पकडून ठेवतं आणि पेशीला दुप्पट होण्याच्या उंबरठ्यावर थांबवतं. प्रयोगशाळेत सगळ्या पेशी एकाच टप्प्यावर आणून ठेवायच्या असतील तर शास्त्रज्ञ आजही मिमोसिन वापरतात. शरीरात ज्या पेशी भराभर दुप्पट होतात त्यांना आधी फटका, म्हणजे केसांच्या मुळांना. घोडा, गाढव, डुक्कर, ससा यांच्या पोटात ते मोडणारं कुणी नसतं. केस जातात.

रवंथ करणाऱ्यांचं गणित वेगळं. त्यांच्या पहिल्या पोटातले जिवाणू मिमोसिन मोडतात, पण त्यातून डीएचपी नावाचा पदार्थ निघतो आणि तो गळ्यातल्या थायरॉइडच्या कामात आडवा येतो. गलगंड, लाळ, भूक मंदावणं. ऑस्ट्रेलियात 1970 च्या दशकात हा मोठा प्रश्न होता. तिथले संशोधक रेमंड जोन्स यांच्या लक्षात आलं की हवाईतल्या शेळ्या हाच पाला पोटभर खाऊन ठणठणीत असतात. फरक झाडात नव्हता, शेळीच्या पोटात होता. हवाईच्या शेळ्यांच्या पोटातले जिवाणू ऑस्ट्रेलियातल्या जनावरांना पाजले आणि डीएचपी मोडायला लागलं. त्या जिवाणूला 1992 मध्ये नाव मिळालं, त्यात जोन्स यांचं आडनाव गोवलेलं: सिनर्जिस्टिस जोन्सी. पशुखाद्याच्या इतिहासातली इतकी देखणी गोष्ट दुसरी मला माहीत नाही.

मामांना यातलं जेवढं सांगता येईल तेवढं सांगितलं. पाला वाळवला किंवा तापवला की मिमोसिन कमी होतं, आणि एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत ठेवला तर रवंथ करणाऱ्या जनावरांचं सहसा बिघडत नाही. मामा म्हणाले, ‘‘त्येच तर मी म्हनालो.’’

दुपारी दोन

ऊन कडक आहे, बाया सावलीला टेकल्यात. मोजमापाचं काम या वेळी.

सुबाभळीच्या जुन्या गर्दीत चौकट टाकली. एक चौरस मीटर. रोपं मोजली, त्रेसष्ट. सगळी सुबाभळीची. गवताची काडी नाही. वर पाहिलं तर पानांची जाळी फार दाट नाही, ऊन कवडशांनी खाली येतंय. मग गवत का नाही?

तैवानमध्ये चौ आणि कुओ या दोघांनी 1986 मध्ये नेमका हा प्रश्न घेऊन निबंध लिहिला. सुबाभळीखालची जमीन उघडी का? त्यांनी पानांचा अर्क काढला, तो इतर झाडांच्या आणि पिकांच्या बियांवर घातला, आणि उगवण व मुळांची वाढ खुंटलेली दिसली. अर्कात मिमोसिन आणि फिनॉल गटातली आम्लं होती. सुबाभळीच्या स्वतःच्या रोपांवर मात्र परिणाम नाही. म्हणजे जनावराला नकोसं करणारं रसायन शेजाऱ्यालाही नकोसं करतं.

ही गोष्ट ऐकली की लोक खूश होतात, ‘विषारी झाड’ अशी बातमी तयार होते. मी जरा सावध असते. बशीतल्या बीवर अर्क ओतणं आणि माळावर पानगळ होणं यात फरक आहे. मातीतले जीवजंतू ही रसायनं मोडतात, पाऊस ती वाहून नेतो. सावली, पाण्याची ओढाताण, नत्राची श्रीमंती यांचा वाटाही तितकाच असू शकतो. या माळावर एक साधा पुरावा आहे. मागे मोकळ्या केलेल्या तुकड्यात दुसऱ्या पावसाळ्यात पवन्या छान धरला. जमिनीत कायमचं विष भिनलं असतं तर तो आला नसता.

मग चौकटीतली वरची दोन बोटं माती खरवडून पिशवीत भरली. ही रात्रीसाठी.

साडेतीन

आज थोडा उशीर झाला, पण आलेच. मोटारसायकलवरून दोघं, गळ्यात संस्थेचे मफलर. शेजारच्या टेकडीवर ते दर रविवारी झाडं लावतात. ठरावाची झेरॉक्स पाहिली, तरी चेहरा उतरलेलाच. ‘‘मॅडम, आम्ही एकेक झाड जगवायला टँकर आणतो आणि तुम्ही जगलेलं तोडताय!’’

त्यांच्याशी वाद घालण्यात मजा नाही, कारण माणसं चांगली आहेत. मी त्यांना शाबूत माळाकडे नेलं. कुसळीचं एक बी तळहातावर ठेवून वर पाण्याचा थेंब सोडला. पीळ घातलेलं काळं कुसळ ओल लागताच उलगडत गरगर फिरायला लागलं. असं फिरत फिरतच ते बी मातीत घुसतं. वाळलं की परत पीळ बसतो, पुन्हा ओल आली की पुन्हा फिरतं. त्यातला एक जण मोबाइल काढून चित्रीकरण करायला लागला. मग माळटिटवीबद्दल बोललो. ती उघड्या जमिनीवर, चार खड्यांच्या आड अंडी घालते. धाविकही तसाच. कावळ्याला किंवा शिकऱ्याला बसायला उंच फांदी मिळाली की अशा पक्ष्यांची अंडी-पिल्लं राहात नाहीत. लांडगा, खोकड, चिंकारा हे सगळे याच मोकळ्या माळाचे रहिवासी. सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे, ते चिंकाऱ्यासाठीच. तिथं जाऊन घनदाट झाडी शोधाल तर निराश व्हाल.

‘‘मग झाडं लावूच नयेत का?’’

लावावीत की. घराभोवती, बांधावर, शाळेत, रस्त्याच्या कडेला. माळावर नकोत, आणि सुबाभूळ, गिरिपुष्प तर नकोतच. गिरिपुष्पाचं नाव काढल्यावर दोघं एकमेकांकडे बघायला लागले. त्यांच्या टेकडीवर काय लावलंय ते मी विचारलं नाही.

पाच

आवराआवर. उन्हं कलली तशी उरलेल्या सुबाभळींची पानं मिटायला लागली आहेत.

सरळ खोडं गावातल्यांनी मंडपाच्या बल्ल्यांसाठी नेली. फांद्या सरपणाला. आंध्रात हेच लाकूड कागदाच्या गिरण्यांना जातं, शेतकरी त्याची शेती करतात. इथं तेवढा माल नाही आणि तो तयार व्हावा अशी माझी इच्छाही नाही. पाला मामांनी वाळवायला नेला.

शेंगांची पोती मात्र मी कुणाला देत नाही. खतात टाकायच्या नाहीत, ओढ्यात तर नाहीतच. मुरमाचा खड्डा आहे, त्यात जाळतो. आगही तिथंच, माळापासून दूर. नुसती धग लागलेलं बी मरण्याऐवजी जागं होतं, आणि बाजूचं वाळलं गवत पेटलं तर आम्हीच आरोपी.

रात्री साडेआठ

जेवण उरकून दुपारची माती चाळणीवर घेतली. चपट्या, चकचकीत तपकिरी बिया वेगळ्या केल्या. भिंगाखाली प्रत्येकीवर घोड्याच्या नालासारखी पुसट रेघ दिसते. एका चौरस मीटरच्या दोन बोटं मातीत दोनशे चार निघाल्या. त्यातल्या काही किडक्या, बाकीच्या टणक.

त्या टणकपणातच सगळा खेळ आहे. बीचं कवच पाणी आत घेत नाही. रात्रभर भिजत घाला, सकाळी बहुतेक बिया तशाच. रोपवाटिकेत म्हणूनच बी गरम पाण्यात बुडवून काढतात किंवा कवचाला टवका मारतात. माळावर हे काम ऊन, रगड आणि काळ करतात, पण सगळ्यांचं एकदम नाही. यंदा काही, पुढच्या वर्षी काही, दहा वर्षांनंतरही काही. मी पन्नास बियांना नखकात्रीनं टवका मारून ओल्या टिपकागदावर ठेवल्या. उद्या फुगलेल्या मोजायच्या. मागच्या खेपेला जवळजवळ सगळ्या फुगल्या होत्या.

हवाईत ब्र्यूबेकर यांच्या कामातून पुढे बी न धरणारा संकरित वाण आला, केएक्स-4. क्वीन्सलँडच्या पशुपालकांनी तर स्वतःसाठी आचारसंहिता लिहिली आहे: ओढ्याकाठी लावू नका, जनावरांकडून चरवून झाड बुटकं ठेवा, बी सांडू देऊ नका, बाहेर रोप दिसलं तर काढा. आपल्याकडे बांधावर चाऱ्यासाठी सुबाभूळ ठेवलेल्या शेतकऱ्यानं यातली एकच गोष्ट पाळली तरी पुरे: फूल दिसलं की कापायचं, शेंग होऊ द्यायची नाही.

वहीत आजच्या तारखेखाली बुंधे, पोती आणि चौकटीतले आकडे लिहिले. शेवटच्या रकान्यात या तुकड्याला पुन्हा कधी यायचं ते लिहावं लागतं. पहिल्या मोठ्या पावसानंतर दोन आठवड्यांनी, आणि मग निदान दहा पावसाळे, दरवर्षी. झाडं तोडायच्या दिवशी माणसं भरपूर येतात. रोपं उपटायला जूनच्या शेवटी चिखलात फारसं कुणी येत नाही, आणि माळ परत मिळतो तो त्या चिखलातल्या कामानं. यायचं असेल तर तेव्हा या. बूट जुने घाला, खुरपं आमच्याकडे आहे.